टोकाला बांधलेली ओटी

तोताराम फायरमन सासुरवाडीला जात नाही, कारण तिथं एकदा त्याच्या पानातल्या मांड्यावर, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळीवर, तूप कमी वाढलं, ही बातमी आमच्या आळीत बेबाबाईने आणली. बेबाबाईच्या हाती पडलेली बातमी आहे तेवढीच कधी राहत नाही. सकाळी नळावर तिने सांगितली तेव्हा तूप चमचाभर कमी होतं. दुपारी दळण टाकायला गेली तोवर मांडा कोरडाठाक झाला. दिवेलागणीला तर सासऱ्याने भर पंगतीत 'कोळसेवाल्या जावयाला कसलं तूप' म्हणत वाटीच उचलून नेली होती, आणि तोतारामने ताट भिरकावलं होतं. त्याच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा चट्टा आहे, तोही तिने त्यातच बसवून टाकला. म्हणे, ताटाबरोबर गरम आमटी उसळली.

आमटी! आमटीने भाजलेला माणूस महिन्याभरात बरा होतो आणि पुढच्या सणाला पुन्हा त्याच पाटावर जाऊन बसतो.

खरं सांगायचं तर त्या घरात तोतारामला तूप कमी पडलं नाही. जास्त झालं. जे काही बिघडलं ते त्या जास्तीच्या तुपाने.

तोताराम जळगावच्या एका कापसाच्या जिनात बॉयलरवर होता. दिवसभर कोळशात, पण भोंगा वाजून सुट्टी झाली की अंगावर दोन बादल्या ओतून, कडक फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन असा निघायचा की वाटावं, जिन याच्याच मालकीचा. बॉयलरवर वाफेचा जोर दाखवणारा काटा असतो, पितळी चौकटीत, वर काच. तोताराम त्या काचेत काटा जितका बघतो तितकीच आपली मिशी बघतो, असं त्याचे सोबती म्हणत. म्हणत तर म्हणत. माणूस कामाला चोख होता आणि मानाला हपापलेला होता. दोन्ही खरं.

मानाची ही भूक त्याला लागली ती सासुरवाडीत. बायको झुंबरबाई पारोळ्याकडच्या तामसखेड्याची. तिचे वडील निंबा आबा म्हणजे काळी जमीन, बैलजोड्या, गावात शब्दाला वजन. नोकरीवाला म्हणून त्यांनी मुलगी दिली आणि दिल्यावर नोकर म्हणून नाक मुरडलं. लग्नातच बायकांनी गाणं जुळवलं, 'कोयसा काया, जवाई काया.' तोताराम तेव्हा सगळ्यांबरोबर हसला. पण ते गाणं त्याच्या कानात राहिलं. सणावाराला गेलं की शेतीवाले जावई पहिल्या पंगतीला, आणि याला आबा अगदी गोड आवाजात म्हणायचे, "तुम्ही घरनाच शेतस, मांगून बसा." घरचा तो असा, की जेवायला शेवटी.

त्या घरात एकच माणूस त्याच्यासाठी थांबायचा. झुंबरबाईचा धाकटा भाऊ अभिमन. पहिल्या पंगतीतलं आपलं पान सोडून तो मागच्या पंगतीला दाजीच्या मांडीला मांडी लावून बसायचा, आणि कुणी काही म्हटलं तर म्हणायचा, "दाजीना जोडे बसं की कोयसानी ऊब लागस." दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला न्यायला मुऱ्हाळी म्हणून तोच यायचा. आखाजीला खानदेशात भाऊ न्यायला आला तर बाईला माहेर आहे, नाही आला तर नाही. मग तिकडे वाडा असो की महाल. आळीत अभिमनच्या छकड्याचे घुंगरू वाजले की झुंबरबाई पिठाच्या हातांनीच दारात यायची.

एकोणीसशे एकतीस-बत्तीसचा सुमार असेल. जिनाचा हंगाम संपला की बॉयलर थंड आणि फायरमन रिकामा. त्या उन्हाळ्यात तोतारामने एका ठेकेदाराच्या बोरिंगच्या यंत्रावर काम धरलं. चाकांवरचा उभा बॉयलर, त्याला जोडलेलं इंजिन, आणि इंजिनाच्या जोरावर वर जाऊन धाडकन खाली पडणारी लोखंडी छिन्नी. ती खडक फोडत फोडत खाली जायची. यंत्राचा मिस्त्री रतिलाल, सुरतेकडचा, किडकिडीत आणि तोंडाचा फाटका. बॉयलर जुना. सांध्यासांध्यांतून वाफ फुसफुसायची, म्हणून रतिलाल त्यांना ताग आणि शेंदूर लावून आवळायचा. तो कामाचा शेंदूर. पण खेड्यातल्या बायांनी शेंदूर बघितला की हात जोडायचे एवढंच त्यांना माहीत. रतिलाल ओरडायचा, "अरे बाय, ए मारुती नथी, नळी छे!" बाया त्याचं ऐकून घ्यायच्या आणि नळीला कुंकू लावून जायच्या.

पण एका गोष्टीत रतिलाल थट्टा चालवून घेत नसे. बॉयलरच्या माथ्यावर एक झडप होती. झडपेवर आडवी दांडी, दांडीला लटकवलेलं वजन. वाफ हद्दीबाहेर गेली की झडप ते वजन उचलून फेकायची आणि किंकाळी फोडून वाफ बाहेर जायची. दोन कोसांवर ऐकू जाईल अशी किंकाळी. रतिलालचं एकच सांगणं होतं. "या दांडीवर चिमणी बसली तरी मने बोलाव. आ यंत्र ओरडतं तिथपर्यंत आपण जिवंत. मुकं झालं का समजायचं, आता ते बोलणार ते एकदाच."

तोतारामला हे काही नवीन नव्हतं. जिनात तो हेच शिकला होता.

आणि नशीब बघा, यंत्राचा पुढचा मुक्काम निघाला तामसखेडे.

वेशीवर वाजंत्री होती. पुढे बैलजोड्यांनी ओढलेलं धूड, आणि धुडाच्या पुढे, फेट्याचा शेमला सोडून, मिशीला पीळ देऊन तोताराम. ज्या गावात तो कोयसावाला जवाई होता, त्या गावाच्या विहिरी आटल्या होत्या आणि पाणी काढायला आला होता तोच. निंबा आबांनी घोंगडी अंथरली. विडा दिला. पंगत पडली तेव्हा पहिलं पान तोतारामचं. भिकुबाईंनी, म्हणजे त्याच्या सासूबाईंनी, खापरावरचा मांडा स्वतःच्या हाताने वाढला आणि वर तुपाची धार धरली ती धरलीच. तोताराम 'बस, बस' म्हणत होता आणि हात मात्र आडवा घालत नव्हता. शेजारी बसलेला अभिमन कानात म्हणाला, "दाजी, सांभाळा. तूपमा मिशी बुडी जाई."

झुंबरबाई दाराआडून बघत होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिचा नवरा तिच्या बापाच्या घरात पहिल्या पानावर बसला होता. तिने डोळ्याला पदर लावला. चुलीचा धूर, असं कुणालातरी सांगितलं.

यंत्र सुरू झालं. छिन्नी खाली जात होती आणि वर येत होता तो कोरडा भुगा. पिठासारखा. आखाजी तोंडावर आलेली. पितरांच्या घागरी भरायला तरी गावचं पाणी हवं, असं आबांचं मन. आणि यंत्र तर रोज दोन-तीनदा बोंब मारायचं. गुरं दावी तोडायची, पोरं आनंदाने नाचायची, आणि म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

एके दुपारी भिकुबाई आल्या. पदर डोक्यावरून ओढलेला. जावयासमोर कधी मोठ्याने न बोललेली बाई.

"जवाईबापू, तुमनं यंत्र भलतं बोंबलस. खाले पाणीन्या साती आसरा बसेल शेतस. बायामानसं त्या. भ्यायीसन पळी जातस. मंग पाणी कोन दी?"

तोताराम हसला. "मामी, ते बोंबलस म्हनीसन तं आपन जित्ता शेतस."

"तसं नही वो. बठ्ठा गावनी ओटी शे. सात नारळ आन् हिरवा खण. त्या दांडीले बांधू द्या. आसरास्ना मान व्हई आन् यंत्र बी चूप ऱ्हाई."

"त्या दांडीले काहीच नही बांधानं, मामी. पाया पडस. बाकी कुठे बी बांधा."

भिकुबाई गेल्या. तोतारामला वाटलं, मिटलं. संध्याकाळी पंगतीत मांडा आला, तूपही आलं. कुणी काही कमी केलं नाही. फक्त निंबा आबा बायकोकडे वळून, जावयाला ऐकू जाईल असं, पण त्याच्याशी न बोलता म्हणाले, "ऱ्हावू दे वं. जवाई बिचारा नोकर मानूस. मालकले इचारानं पडी त्यास्ले."

बस. एवढंच. आबांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. गावजेवणात पहिल्या पानावर बसलेला जावई एका वाक्यात पुन्हा मागच्या पंगतीला गेला, आणि ते वाक्य इतकं गोड होतं की त्याच्यावर रुसताही येईना.

दुसऱ्या दिवशी रतिलाल बोथट झालेल्या छिन्न्या घेऊन धुळ्याला गेला. हाताशी एक छिन्नी शिल्लक होती, काम चालू ठेवायचं होतं. जाताना त्याने दांडीकडे बोट केलं. तोतारामने मान डोलावली.

रतिलालची गाडी दिसेनाशी झाली आणि ओटी आली. वाजत गाजत. पुढे आबा, मागे बाया, आणि खण-नारळाचं गाठोडं अभिमनच्या डोक्यावर. आबांनी विचारलं नाही. नुसतं जावयाकडे बघितलं. सगळं गाव बघत होतं. तोतारामने काट्याकडे बघितलं, दांडीकडे बघितलं, आणि मनाची समजूत घातली. घटकाभर बांधू दे. आरती होऊ दे. मग आपणच हळूच सोडू. वाफ कमीच ठेवू तोवर.

मान हलवून त्याने हो म्हटलं. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याला अजून आठवतो, असं झुंबरबाई सांगते. झोपेत कधीकधी खांदा झटकतो.

अभिमन शिडीवर चढला. गाठोडं दांडीच्या मध्यावर धरून त्याने विचारलं, "दाजी, आठे बांधू का?"

मध्यावर छिन्नीचा दोर जवळून जात होता. दोर घासला असता, खण फाटला असता, अपशकुन झाला असता. तोताराम खालून सहज, रोजचं काम सांगावं तसं म्हणाला, "आठे नको. दोर घासाई. टोकले बांध."

कापसाच्या काट्यावर बसणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. दांडीवरचं वजन तेच असतं, पण ते जितकं टोकाला सरकवाल तितकं जड होत जातं. त्या हिशोबावर सगळा जळगावचा बाजार चालतो. तोतारामला हे कळत नव्हतं असं नाही. त्या क्षणी तो फायरमन नव्हता, एवढंच. जावई होता.

यंत्र मुकं झालं. छिन्नी पडत राहिली, धाड, धाड. पण किंकाळी नाही. बायांनी गाणं धरलं. अभिमन शिडीवरूनच ओरडला, "दखा रे, मना दाजीनी यंत्र मुकं करी टाकं!" आणि तेवढ्यात भुग्याबरोबर वर आला तो ओला गारा. खरोखर ओला. आबांनी तो मुठीत घेतला, कपाळाला लावला. कुणीतरी ओरडलं, "आसरा पावन्यात!" आणि मग कोण थांबतंय? "जवाईबापू, रेटा!" तोतारामने फावडं उचललं आणि कोळसा टाकला. आणखी टाकला. माणसाला आयुष्यात एकदाच असं गाव हाक मारतं.

काट्याकडे बघायला त्याला उशीर झाला. बघितलं तेव्हा काटा लाल खुणेच्या पलीकडे गेलेला होता आणि वर दांडी जराही हलत नव्हती. नारळ शांत लोंबत होते. त्याने भट्टीचं दार उघडून विस्तव बाहेर ओढायला घेतला आणि हात गुंतलेले म्हणून ओरडला, "अभिमन! खण सोड! सोड ते!"

अभिमन चढला. दाजीने सांगितलं, म्हणून हसत चढला. गाठ वाफेच्या ओलीने आवळली होती. त्याने दात लावले. शिडीच्या बाजूलाच तो शेंदूर लावलेला, कुंकवाने माखलेला सांधा होता. तो फुटला.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. तोताराम वाफेत शिरला आणि मेहुण्याला ओढून बाहेर आला. त्याच्या गालावरचा चट्टा तो. डाव्या बाजूची मिशी पुन्हा उगवली नाही, म्हणून त्याने उजवीही काढून टाकली. अभिमनचा जीव वाचला. डोळे गेले.

धुळ्याच्या दवाखान्यात पट्ट्यांच्या आतून अभिमनने पहिला प्रश्न विचारला तो हा: "दाजी, पाणी लागनं का?"

लागलं होतं. तीच तर खरी शिक्षा. ठेकेदाराने तोतारामला त्याच दिवशी काढून टाकलं. रतिलालने सांधा बदलला, दुसरा माणूस आणला, आणि आणखी थोडं खाली जाताच त्या बोराला असं पाणी लागलं की आखाजीच्या घागरी भरून वर गुरांचे हौद भरले.

गावाने मात्र त्याला दोष दिला नाही. निंबा आबा स्वतः दवाखान्यात आले, मुलाच्या उशाशी बसले आणि जावयाचा भाजलेला हात हातात घेऊन म्हणाले, "मन वाईट करू नका, जवाई. आसरास्नी डोया लिधात आन् पाणी दिधं. देवनं देनंघेनं शे ते. तुमना हातना गुण शे."

तोताराम उठून बाहेर गेला. तेव्हापासून चौदा-पंधरा वर्षं त्याने तामसखेड्याची वेस ओलांडली नाही.

आता बेबाबाईला हे कसं समजवावं? अपमान झाला म्हणून सासुरवाडी सोडणारे जावई पुष्कळ. याला मान सहन होईना, म्हणून याने सोडली. दरवर्षी आबांचा निरोप यायचा, या, तुमचं पान मांडून ठेवलंय, तुमच्यामुळे गाव पाणी पितं. प्रत्येक निरोपाला तोताराम काहीतरी सबब सांगायचा. हंगाम आहे. अंगात कसर आहे. एकदा तर म्हणाला, बकरी व्यायलीय. घरात बकरी नव्हती.

याची किंमत मोजली झुंबरबाईने. मुऱ्हाळी येणारा भाऊ एकच, आणि तो आंधळा होऊन ओट्यावर बसलेला. आबांनी गाडी धाडली तर ती म्हणायची, "भाऊ येवाशिवाय मी नही येवाव." खरं कारण निराळं होतं. ती गेली असती तर तिला एकटीला पहिल्या पानावर बसवून 'तुझ्या नवऱ्याच्या हाताला गुण' असं ऐकावं लागलं असतं, समोर अभिमन चाचपडत जेवत असताना. नवऱ्याने तिला दवाखान्यातच सगळं सांगितलं होतं. दोन शब्द होते ते, टोकले बांध. आखाजीला आळीतल्या साऱ्या पोरी झोक्यावर गाणी म्हणायच्या आणि झुंबरबाई उंबऱ्यात बसून डाळ निवडायची, निवडलेलीच पुन्हा निवडायची. तोताराम आत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. तिने त्याला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. दुखवलं असतं तर त्याचं ओझं जरा हलकं झालं असतं, पण ती बाई तशी नव्हती.

जिनात तो परत लागला. आता काचेत मिशी बघायचा नाही, मिशीच नव्हती. दिवसातून दहादा झडपेची दांडी उचलून बघायचा, वाफ फुस्स करून सोडायचा आणि मालकाची बोलणी खायचा. पोरं त्याला 'फुसराम' म्हणत. आळीतही ते नाव चाललं. आपण सगळे त्यात होतो, आता नाही म्हणून चालणार नाही.

मग एकोणीसशे सेहेचाळीसची आखाजी आली. सणाच्या आदल्या आठवड्यात बेबाबाईने नळावरून पाहिलं, एक उंच माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून आळीत शिरतोय. पुढचा होता झुलाल, तामसखेड्याचा गाडीवाला. मागचा दारात थांबला, भिंत चाचपली आणि हाक दिली, "अक्का! मुऱ्हाळी उना तुना!"

झुंबरबाई आली ती पिठाच्या हातांनीच. त्याच्या दोन्ही गालांवर पीठ लागलं. मधे बोलली ती बेबाबाई, तिला राहवेना. "काय हो भाऊ, तुमच्याकडे तूप महाग झालं होतं का तेव्हा?"

अभिमन आवाजाच्या दिशेने वळला. "तूप? मावशी, आमना घर दाजीना नावनी वाटी आजून भरी ठेवतस. मांजरं माजी गयात ती खाईसन."

बेबाबाई उलट पावली नळाकडे निघाली.

आत आल्यावर अभिमनने दाजीचा चेहरा हाताने पाहिला. चट्ट्यावर बोटं थांबली. "मिशी बी गई," एवढंच म्हणाला. मग कामाचं बोलला. गावात पुन्हा बोरिंग येतंय. पहिल्या बोराचं पाणी खाली गेलंय. तसंच वाफेचं धूड, रंग नवा. आणि गावाने ठरवलंय, ओटी दांडीलाच बांधायची, मागल्यासारखी, आणि या वेळी जावयाच्याच हाताने.

"आबास्नी धाडं तुले?"

"आबास्नी बी धाडं, आन् मी बी उनू." अभिमनने चाचपून दाजीचा हात धरला. "दाजी, मना डोयास्ले शेवट दखायनं ते ते गाठोडं शे. दांडीना टोकले. आन् तुमनं बोलनं बी याद शे. मी कोनले सांगं नही."

"काबरं नही सांगं?"

"सांगतू तं अक्कानं माहेर तुटतं."

माहेर तुटू नये म्हणून एकजण तिकडे गप्प होता, आणि तोंड कसं दाखवू म्हणून दुसरा इकडे लपून होता, आणि दोघांच्या मधे एका बाईच्या आखाज्या कोरड्या गेल्या. कुणी एकाने जरी आधी तोंड उघडलं असतं. पण ही अशी वाक्यं नेहमी उशिराच सुचतात.

"गाव मनं आयकत नही," अभिमन म्हणाला. "मी म्हनू, दांडीले हात नका लावू, तं म्हनतस, आंधळाले काय कळस. यंत्रजोडे परका पोऱ्या शे. तोबी कोनाना तरी जवाई व्हई."

या वेळी तोतारामने सबब सांगितली नाही; अमळनेरला आगगाडीतून उतरून झुंबरबाईसकट ते चौघं छकड्याने तामसखेड्यात पोचले. वेशीवर पुन्हा वाजंत्री. निंबा आबा आता वाकलेले, पण आवाज तसाच. पहिलं पान, खापरावरचा मांडा, तुपाची धार. तोतारामने या वेळी हात आडवा घातला. पानाला तो शिवला नाही. "पहिले यंत्रजोडे चाला," म्हणाला.

तिथं सगळं तेच होतं. शिडी, हिरवा खण, सात नारळ, गाणारी बाया-माणसं. यंत्रावरचा फायरमन बाजूला उभा, बिचकलेला, गावाला नाही म्हणता न येणारा. आबांनी गाठोडं तोतारामच्या हातात दिलं. तोतारामने ते घेतलं, खाली बोराच्या तोंडाशी मातीवर ठेवलं, त्याला हात जोडले, आणि मग गावाकडे वळून बोलला.

तो काय बोलला याच्या आळीत आता बऱ्याच तऱ्हा आहेत. बेबाबाईच्या मते त्याने कीर्तनकारासारखं तासभर भाषण केलं. हे खोटं. तो बोलायला लागला की त्याचा भाजलेला गाल ओढला जातो. तासभर बोलणं त्याला जमतच नाही. तो बोलला ते एका दमाचं होतं. आणि त्याचं जे व्हायचं ते झालं. ओटी मातीवरच राहिली. भिकुबाईंनीच पुढे होऊन तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. यंत्र त्या उन्हाळ्यात पोटभर बोंबललं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पाणी लागलं, पण बेताचं, आणि त्याचा दोष काही म्हाताऱ्या अजून जावयावर ठेवतात. झुंबरबाईला माहेर मिळालं. भाऊ येतो, झुलालच्या खांद्यावर हात ठेवून, आणि ती जाते. तोतारामही जातो. आबा त्याच्याशी बोलत नाहीत. तुपाची ती वाटी मांजरांसाठीही भरत नाहीत आता. त्याचं पान मागच्या पंगतीला असतं, आणि मांडीला मांडी लावून अभिमन.

त्या दिवशी आबांनी सगळ्या गावासमोर काठी आपटून विचारलं होतं की, मग मागे आसरांनी डोळे घेऊन पाणी दिलं ते काय खोटं होतं का? त्यावर तोताराम म्हणाला तेवढंच खरं:

"पाणी आसरास्नी दिधं, आबा. डोया मी लिधात."